एक तारखेचे भाडे पुन्हा पुन्हा परत का जाते : चौदा दिवसांचा पगार आणि महिन्याची देणी

लक्षण बहुतेक घरांत सारखेच असते. दोन-तीन महिने सगळे सुरळीत चालते आणि मग एके सकाळी बँकेचा संदेश येतो की घरभाड्याची, गाडीच्या विम्याची किंवा डे-केअरची रक्कम खात्यात पुरेसे पैसे नसल्यामुळे देता आली नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पगार जमा होतो, दंड भरला जातो, घरात थोडी कुरबूर होते, आणि ‘या महिन्यात बाहेरचे खाणे जास्तच झाले’ असा निष्कर्ष काढून सगळे हात आखडता घेतात. पुढे काही महिने खरोखरच काही होत नाही, त्यामुळे तो निष्कर्ष बरोबर वाटतो. मग एखाद्या मे किंवा नोव्हेंबर महिन्यात तोच संदेश पुन्हा येतो. कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडून ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे आणि पहिली दोन वर्षे आमच्या घरातही ती चालूच होती. हिशेब तपासल्यावर बहुतेक वेळा असे दिसते की दोष उधळपट्टीचा नसून कॅलेंडरचा आहे. कॅलेंडरच्या दोषावर काटकसरीचे औषध दिले की रोग बरा झाल्यासारखा वाटतो, पण बरा होत नाही.

रक्कम परत गेली त्या दिवशी काय करावे

मूळ कारणाकडे जाण्यापूर्वी, ज्यांची रक्कम आजच परत गेली आहे त्यांच्यासाठी थोडे लिहितो, कारण या दिवशीची घाई पुढच्या आठवड्यात दुसरे देणे बुडवू शकते. घरमालक, विमा कंपनी किंवा जिम आपल्या खात्यातून दर महिन्याला जी रक्कम परस्पर काढून घेतात, तिला येथे प्री-ऑथराइज्ड डेबिट म्हणतात. पुरेशा शिलकीअभावी ती परत गेली, तर देशभर लागू असलेल्या नियमानुसार घेणाऱ्याला तीच रक्कम ३० दिवसांच्या आत आणखी एकदा खात्यावर लावता येते. अनेक कुटुंबे येथेच फसतात. भाडे परत गेल्याचे कळताच ते घाईने इंटरॅक ई-ट्रान्सफरने पैसे पाठवतात, चार दिवसांनी घरमालकाची व्यवस्था तीच रक्कम पुन्हा लावते, भाडे दोनदा जाते आणि त्याच्या मागे उभा असलेला विम्याचा हप्ता परत जातो. म्हणून सर्वांत आधी घेणाऱ्याशी बोलावे, ते रक्कम पुन्हा लावणार आहेत की आपण वेगळी पाठवायची हे विचारावे आणि उत्तर ई-मेलने लेखी मागून घ्यावे. भाडे वेगळे पाठवायचे ठरलेच, तर ई-ट्रान्सफरला दिवसाची मर्यादा असते आणि ती बहुतेक खात्यांत ३,००० डॉलरच्या आसपास असते, हे लक्षात ठेवावे.

दंडाबाबत परिस्थिती पूर्वीपेक्षा बरी झाली आहे. अपुऱ्या शिलकीसाठी मोठ्या बँका पूर्वी एका वेळी ४५ ते ४८ डॉलर घेत असत. १२ मार्च २०२६ पासून संघराज्याच्या नियंत्रणाखालील बँकांना वैयक्तिक खात्यावर यासाठी १० डॉलरपेक्षा जास्त घेता येत नाही, दोन कामकाजी दिवसांच्या मुदतीत एकापेक्षा अधिक वेळा हा आकार लावता येत नाही, आणि तूट १० डॉलरपेक्षा कमी असेल तर काहीच घेता येत नाही. खाते क्रेडिट युनियनमध्ये (सभासदांच्या मालकीच्या सहकारी पतसंस्थेत) असेल तर तिथे बहुधा प्रांताचे नियम चालतात, म्हणून तिचे दरपत्रक वेगळे पाहावे. तथापि हा बँकेचा आकार झाला. घेणाऱ्याचा आकार त्याहून निराळा असतो. ऑन्टारिओच्या भाडेकायद्यानुसार घरमालक बँकेने त्याच्याकडून घेतलेली रक्कम आणि त्याशिवाय जास्तीत जास्त २० डॉलर प्रशासकीय खर्च म्हणून मागू शकतो, त्याहून अधिक नाही. दंड कमी झाला म्हणून हप्ता परत गेला तरी चालेल असे मात्र कोणी समजू नये. गाडीचा विमा हप्ता न भरल्याच्या कारणावरून रद्द झाला, तर पुढचा विमा मिळवताना जी किंमत मोजावी लागते तिच्यापुढे हा १० डॉलरचा आकार किरकोळ आहे.

पंधरवडा कोणता

मराठीत आपण दर चौदा दिवसांनी होणाऱ्या पगारालाही ‘पंधरवड्याचा पगार’ म्हणतो आणि महिन्यातून दोनदा, म्हणजे १५ तारखेला व महिनाअखेरीस होणाऱ्या पगारालाही तेच म्हणतो. अर्धी गफलत या एका शब्दात आहे. पहिल्या पद्धतीत वर्षाला २६ पगार होतात, दुसरीत २४. महिन्यातून दोनदा होणाऱ्या पगाराची तारीख पक्की असते, म्हणून त्यावर चालणाऱ्या घरात एक तारखेचे भाडे सहसा अडत नाही. चौदा दिवसांच्या पगाराचा वार पक्का असतो, तारीख मात्र दर महिन्याला सरकते. भारतात बहुतेकांना महिनाअखेरीस किंवा एक तारखेला पगार आणि पाच तारखेला गृहकर्जाचा हप्ता ही सवय असते. त्या सवयीने आपण येथेही ‘महिन्याला दोन पगार’ धरतो आणि तारखांकडे पाहत नाही.

२०२६ चे कॅलेंडर समोर ठेवून हे सरकणे पाहू. समजा घरातील पगार एकाआड एक शुक्रवारी होतो आणि वर्षातला पहिला पगार २ जानेवारीचा आहे. फेब्रुवारीच्या भाड्याआधीचा पगार ३० जानेवारीला येतो, म्हणजे भाडे जाण्याच्या अगदी तोंडावर. फेब्रुवारीत बरोबर २८ दिवस असल्यामुळे मार्चच्या भाड्याआधीही तीच स्थिती राहते, कारण पगार २७ फेब्रुवारीला होतो. त्यानंतर मात्र प्रत्येक महिना दोन पगारांच्या अठ्ठावीस दिवसांपेक्षा दोन किंवा तीन दिवसांनी लांब असतो, आणि ते दोन-तीन दिवस साचत जातात. एप्रिलच्या भाड्याआधीचा पगार पाच दिवस आधी झालेला असतो, मेचा सात दिवस आधी, जूनचा दहा दिवस आधी. एक जुलैला कॅनडा डेची सुट्टी असल्यामुळे भाडे २ जुलैला, गुरुवारी लागते. त्याआधीचा पगार १९ जूनचा, म्हणजे तेरा दिवसांपूर्वीचा, आणि पुढचा पगार दुसऱ्याच दिवशी, ३ जुलैला असतो. तेरा दिवसांचा किराणा, पेट्रोल, गाडीचा हप्ता आणि क्रेडिट कार्डाचे बिल त्या पगारातून गेल्यानंतर भाड्याला पैसे उरले नाहीत, तर त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही. जुलैत ३, १७ आणि ३१ असे तीन पगार होतात, ऑगस्टचे भाडे पगाराच्या लगेच मागे येते आणि घरातील सगळ्यांना वाटते की काटकसर कामी आली. सप्टेंबरपासून अंतर पुन्हा वाढू लागते. नोव्हेंबरच्या भाड्याआधी ते दहा दिवस होते, डिसेंबरच्या भाड्याआधी अकरा. म्हणजे वर्षातून दोनदा तणाव हळूहळू चढतो, शिगेला पोहोचतो आणि तीन पगारांच्या महिन्यात अचानक ओसरतो. परत गेलेल्या रकमांच्या तारखा या चढ-उताराशी जुळल्या, तर निदान पक्के समजावे.

हे पडताळण्यासाठी मागील बारा महिन्यांची खातेपत्रके पुरतात. जिथे रक्कम परत गेली किंवा शिल्लक शंभर डॉलरच्या खाली उतरली, त्या प्रत्येक दिवसासमोर आधीच्या पगाराला किती दिवस झाले होते हे लिहावे. आमच्या घरी हा तक्ता केला तेव्हा प्रत्येक नोंदीसमोर नऊ किंवा त्याहून मोठा आकडा आला. बाहेरच्या खाण्यावरून वर्षभर झालेल्या वादांबद्दल मला त्यानंतर घरात दिलगिरी व्यक्त करावी लागली.

उपाय : देण्यांचे वेगळे खाते आणि निम्म्याचा नियम

उपायाचे तत्त्व असे की ज्या खात्यात पगार येतो आणि ज्यातून रोजचा खर्च होतो, त्या खात्यातून तारखेची देणी जाऊच नयेत. देण्यांसाठी दुसरे चेकिंग (रोजच्या व्यवहाराचे) खाते उघडावे. मासिक शुल्क नसलेली खाती ऑनलाइन बँकांत सहज मिळतात, त्यामुळे दुसऱ्या खात्याचा खर्च येत नाही. भाडे, डे-केअर, विमा, फोन, इंटरनेट आणि हायड्रो यांना दिलेली प्री-ऑथराइज्ड डेबिटची परवानगी या खात्यावर वळवावी. (हायड्रो म्हणजे पाणी नव्हे, वीज, जलविद्युत कंपन्यांमुळे हा शब्द येथे रुळला आहे आणि नव्याने आलेली माणसे पहिल्या बिलाला हमखास चकतात.) पगार झाल्यादिवशी ठरलेली रक्कम या खात्यात आपोआप जाईल अशी सूचना बँकेला द्यावी. या खात्याचे डेबिट कार्ड पाकिटात ठेवू नये.

किती रक्कम वळवायची, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण चुकीच्या जागी शोधतात, म्हणून उदाहरण घेऊ. एका कुटुंबाचे भाडे २,४५० डॉलर आहे. ऑन्टारिओतील अनुदानित योजनेत असलेल्या डे-केअरचे सहा वर्षांखालील मुलासाठीचे शुल्क दिवसाला जास्तीत जास्त २२ डॉलर असते, म्हणून तिथे महिन्याला सुमारे ४६० धरू. गाडीचा विमा २६०, फोन व इंटरनेट १६५, हायड्रो ९५ आणि भाडेकरूचा विमा ३०. एकूण महिन्याला ३,४६० डॉलर. वर्षाचे ४१,५२० होतात आणि त्यांना २६ ने भागले तर प्रत्येक पगारातून सुमारे १,५९७ डॉलर वळवावे लागतील, असे गणित कोणीही करील. वर्षाच्या हिशेबाला हे उत्तर बरोबर आहे, पण महिन्याच्या हिशेबाला ते अपुरे पडते. दोन पगारांच्या महिन्यात खात्यात ३,१९४ येतात आणि ३,४६० जातात, म्हणजे दर महिन्याला २६६ ची तूट साचते आणि ती तिसऱ्या पगाराच्या महिन्यातच भरून निघते. हाताशी दीड हजाराच्या आसपास गंगाजळी नसेल, तर मधल्या महिन्यांत हे खातेही रिकामे होईल.

म्हणून पहिल्या वर्षी भागाकार करूच नये. महिन्याच्या देण्यांच्या निम्मी रक्कम, म्हणजे या उदाहरणात १,७३०, प्रत्येक पगारातून वळवावी. कोणत्याही सलग अठ्ठावीस दिवसांत दोन पगार येतातच, त्यामुळे प्रत्येक एक तारखेपूर्वी पूर्ण ३,४६० जमा झालेले असतात. पगार तेरा दिवसांपूर्वी झाला होता की आदल्या दिवशी, याने काही फरक पडत नाही. वर्षाच्या शेवटी आणखी एक गोष्ट घडलेली दिसते. १,७३० गुणिले २६ म्हणजे ४४,९८०. त्यातून वर्षाची देणी वजा केली की ३,४६० उरतात. एका पूर्ण महिन्याची देणी आपोआप शिल्लक पडतात आणि तीच आपली गंगाजळी होते. दुसऱ्या वर्षापासून हवे तर १,५९७ वर उतरावे, कारण आता तूट झेलायला शिल्लक आहे.

सुरुवात केव्हा करावी यालाही महत्त्व आहे. या उपायाचा पहिला महिना सर्वांत कठीण असतो, कारण आधीची देणी फेडत पुढच्यांसाठीही साठवावे लागते. तीन पगारांचा महिना त्यासाठी योग्य; त्यातला एक पगार जवळजवळ पूर्ण नव्या खात्यात टाकावा. असा महिना दूर असेल, तर कर-परताव्याची रक्कम किंवा जीएसटी क्रेडिटसारख्या सरकारी मदतीचा हप्ता या कामी लावावा. तिसऱ्या पगाराला अनेक घरांत ‘बोनस’ समजून त्यात नवा टीव्ही घेतला जातो. माझ्या मते या देशातील पगारदार कुटुंबाच्या जमाखर्चातली सर्वांत महागडी समजूत हीच आहे, कारण तो पगार आधीच्या पाच महिन्यांतून उसना घेतलेला असतो.

घर स्वतःचे असेल आणि मॉर्गेज म्हणजे गृहकर्ज चालू असेल, तर आणखी सोपा मार्ग उपलब्ध असतो. बहुतेक कर्जदाते हप्ता चौदा दिवसांचा करून पगाराच्या वारी लावून देतात. मात्र फॉर्मवर ‘बाय-वीकली’ आणि ‘अॅक्सिलरेटेड बाय-वीकली’ असे दोन पर्याय असतात आणि नाव भारदस्त म्हणून लोक दुसरा निवडतात. मासिक हप्ता २,६०० असेल तर पहिल्या पर्यायात चौदा दिवसांचा हप्ता १,२०० येतो आणि दुसऱ्यात १,३००. दुसऱ्याने वर्षाला तेरा महिन्यांचे हप्ते भरले जातात, कर्ज लवकर फिटते आणि व्याज वाचते, हे खरे. पण ज्या घराची रक्कम आधीच परत जात आहे, त्याने प्रथम पहिला पर्याय घ्यावा, गंगाजळी उभी करावी आणि मग वेग वाढवावा.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी तारीख बदलून मागायला संकोचू नये. ऑन्टारिओत घरमालकाला भाडेकरूवर पुढील तारखांचे चेक किंवा प्री-ऑथराइज्ड डेबिट यांची सक्ती करता येत नाही, म्हणून भाडे स्वतः ई-ट्रान्सफरने पाठवण्याचा पर्याय मागता येतो. भाडे वेळेवर पोहोचणे ही जबाबदारी अर्थातच आपलीच राहते. फोन, इंटरनेट आणि विमा कंपन्या हप्त्याची तारीख बहुधा एका फोनवर बदलून देतात. परवानगी रद्द करायची असेल तर लेखी कळवावे आणि त्यासाठी ३० दिवसांपर्यंतची सूचना लागू शकते. परवानगी रद्द केल्याने मूळ करार रद्द होत नाही, म्हणून पैसे दुसऱ्या मार्गाने देण्याची व्यवस्था आधी करावी. आपण परवानगी न दिलेली रक्कम गेली असेल, तर वैयक्तिक खात्यासाठी ९० दिवसांच्या आत बँकेकडे तक्रार करून ती परत मागता येते.

उपाय करूनही त्रास राहिला तर

निम्म्याचा नियम पाळूनही रक्कम परत गेली, तर आधी ती कोणत्या महिन्यात गेली हे पाहावे.

जानेवारी किंवा फेब्रुवारीत गेली असेल, तर पगाराच्या चिठ्ठीवरील कपाती तपासाव्यात. कॅनडा पेन्शन प्लॅन आणि एम्प्लॉयमेंट इन्शुरन्स (बेरोजगारी विमा) यांच्या कपातीला वर्षाची कमाल मर्यादा असते. २०२६ साठी पेन्शनची मूळ कमाल कपात ४,२३०.४५ डॉलर, ७४,६०० ते ८५,००० डॉलरमधील उत्पन्नावरची दुसरी कपात ४१६ डॉलर आणि एम्प्लॉयमेंट इन्शुरन्सची कमाल कपात १,१२३.०७ डॉलर आहे. वर्षाला ९५,००० डॉलर मिळवणाऱ्या व्यक्तीच्या या मर्यादा सप्टेंबर ते नोव्हेंबरदरम्यान एकामागून एक गाठल्या जातात आणि हातात येणारा पगार वाढतो. घरखर्च नकळत त्या वाढलेल्या पगाराला सरावतो. जानेवारीत मीटर शून्यापासून सुरू होते आणि प्रत्येक पगारातून जवळपास २७० डॉलर पुन्हा कापले जाऊ लागतात. मालकाने पगार कमी केला असे वाटून मनुष्यबळ विभागाला कडक ई-मेल लिहिणारे लोक मी पाहिले आहेत. क्युबेकमध्ये पेन्शन योजना वेगळी आहे आणि पालकत्व विम्याची कपातही असते, त्यामुळे तेथील आकडे निराळे आहेत. उपाय एवढाच की जमाखर्च नेहमी मार्च महिन्याच्या पगारावर बसवावा आणि शरद ऋतूतील वाढ सरळ बचतीत टाकावी.

जुलैपासून तूट सुरू झाली असेल, तर कॅनडा चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठी सरकारकडून मिळणारी मदत, पाहावे. साधारणपणे दर महिन्याच्या २० तारखेला येणारी ही रक्कम दरवर्षी जुलैत मागील वर्षाच्या कर-विवरणावरून नव्याने ठरते. पती-पत्नी दोघांनीही विवरण भरणे आवश्यक असते, मग एकाचे उत्पन्न शून्य का असेना. ‘मी तर नोकरीच करत नाही’ म्हणून एकाने विवरण भरले नाही की ही रक्कम थांबते. जुलै २०२५ ते जून २०२६ या लाभवर्षात सहा वर्षांखालील मुलासाठी ही रक्कम वर्षाला कमाल ७,९९७ डॉलर आणि सहा ते सतरा वर्षांच्या मुलासाठी ६,७४८ डॉलर होती; तेव्हा एका जोडीदाराचे राहून गेलेले विवरण किती महाग पडते याचा अंदाज येईल. पुण्यातील सदनिकेचे भाडे आणि तिकडच्या मुदत ठेवींवरचे व्याज हे उत्पन्नही येथील विवरणात दाखवावे लागते. ते आधी न दाखवता नंतर सुधारणा झाली, तर आधी दिलेली रक्कम पुढच्या हप्त्यांतून कापून घेतली जाते आणि घरातला हिशेब कारण न कळता कोलमडतो.

कोणताही ठरावीक महिना दिसत नसेल, तर शिल्लक वाचण्यात चूक होत आहे का ते पाहावे. काही बँकांच्या अॅपवर दिसणाऱ्या ‘उपलब्ध’ शिलकीत ओव्हरड्राफ्टची, म्हणजे शिलकीपेक्षा जास्त पैसे काढू देण्याच्या सोयीची, मर्यादा मिळवलेली असते. पडद्यावर ८०० दिसतात आणि त्यातले ५०० बँकेचे असतात. जमा केलेल्या चेकची पूर्ण रक्कमही लगेच वापरता येत नाही, बँक ती काही दिवस रोखून ठेवू शकते. तारखेच्या देण्यांसाठी पैसे आदल्या कामकाजी दिवसाच्या संध्याकाळपर्यंत खात्यात असावेत, कारण या रकमा पहाटेच्या वेळी लागतात आणि सकाळी नऊला केलेली धावपळ बहुधा उशिराची ठरते. भारतात कर्जाचा हप्ता पाच तारखेला जात असेल, तर येथून पाठवलेले पैसे पोहोचायला लागणारे दिवस आणि दोन्ही देशांतील सुट्ट्या धरून ती रक्कम आधीच्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात निघाली पाहिजे. तिकडच्या खात्यात एका हप्त्याची शिल्लक कायम ठेवणे त्याहून बरे.

ओव्हरड्राफ्टबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. अनेक सल्लागार तो सरसकट वाईट मानतात. मोठ्या बँकांत त्यावर साधारण २१ टक्के वार्षिक व्याज आणि वापराचा लहान आकार लागतो, पण दोन दिवसांसाठी ३०० डॉलर कमी पडले तर व्याज अर्ध्या डॉलरच्याही आत राहते आणि विम्याचा हप्ता वाचतो. गंगाजळी उभी राहीपर्यंत तो जरूर ठेवावा आणि ती उभी राहिल्यावर बंद करावा. पे-डे कर्जाचे, म्हणजे पुढच्या पगारापर्यंतच्या अल्पमुदतीच्या कर्जाचे, मात्र तसे नाही. १ जानेवारी २०२५ पासून कॅनडात कर्जावरील व्याजाची कायदेशीर कमाल मर्यादा वार्षिक ३५ टक्के आहे, पण परवानाधारक पे-डे कर्जे त्यातून वगळलेली आहेत आणि त्यांना १०० डॉलरमागे १४ डॉलरपर्यंत घेता येतात. चौदा दिवसांचे १४ टक्के म्हणजे वर्षाचे ३६४ टक्के. शिवाय ते पुढच्या पगारातून वसूल होत असल्यामुळे पुढच्या महिन्याचे भाडे अडणे जवळजवळ निश्चित होते. कॅलेंडरचा दोष घालवण्यासाठी घेतलेले हे कर्ज त्याच दोषाला कायमचे घरात ठेवून घेते.

आणि शेवटी, बारा महिन्यांत खात्यात आलेली एकूण रक्कम व खात्यातून गेलेली एकूण रक्कम यांची एकदा वजाबाकी करावी. गेलेली रक्कम जास्त असेल, तर तारखा कितीही जुळवल्या तरी उपयोग नाही. तिथे उत्पन्न वाढवणे, घर बदलणे किंवा कर्जांची पुनर्रचना करणे हेच विषय उरतात. अशा वेळी २११ या क्रमांकावर फोन केल्यास जवळच्या ना-नफा ऋण-समुपदेशन संस्थेची माहिती मिळते. कर्ज मिटवून देतो म्हणून आगाऊ शुल्क मागणाऱ्यांकडे जाण्याआधी हा फोन करावा.

वरच्या उदाहरणाप्रमाणे २ जानेवारीपासून एकाआड एक शुक्रवारी पगार होणाऱ्यांनी २०२६ च्या अखेरीस एक गोष्ट लक्षात ठेवावी. १८ डिसेंबरनंतरचा पगार १ जानेवारी २०२७ ला, सुट्टीच्या दिवशी येतो. अनेक ठिकाणी तो ३१ डिसेंबरलाच जमा होईल आणि २०२६ मध्ये २७ पगार होतील. काही मालक अशा वर्षी वार्षिक पगाराला २७ ने भागतात, त्यामुळे प्रत्येक पगार थोडा लहान होतो. आपला मालक काय करणार आहे हे पगार विभागाला लेखी विचारावे, आणि उत्तर आल्यावर देण्यांच्या खात्यात जाणारी निम्मी रक्कम तशीच ठेवून रोजच्या खर्चाचा आकडा बदलावा.